सॉफ्टवेअरची अभियांत्रिकी

गंगाखेडासारख्या ठिकाणी गोदावरीवर पूल बांधावयाचा झाल्यास अभियंता पहिल्याच दिवशी दगडविटा रचावयास घेत नाही. नदीस पूर किती येतो, खडक किती खोल लागतो, पुलावरून बैलगाडी जावयाची की मालमोटार, ह्याची चौकशी आधी होते. मग नकाशा, मग बांधकाम, मग भाराची परीक्षा. आणि पूल खुला झाल्यावरही डागडुजी चालूच राहते. संगणकास काम सांगणाऱ्या आज्ञांच्या समूहास, म्हणजे सॉफ्टवेअरलाही, हाच न्याय लागू आहे. परंतु ही वस्तू डोळ्यांस दिसत नाही. त्यामुळे चार बुद्धिमान तरुणांनी रात्री जागून ती लिहून काढावी, एवढेच तिचे शास्त्र, असा समज पुष्कळ काळ राहिला.

तो समज अनुभवाने खोटा ठरला. मुदती टळू लागल्या, खर्च अंदाजाबाहेर जाऊ लागला, आणि तयार झालेले काम भरवशाचे निघेना. तेव्हा १९६८ च्या ऑक्टोबर महिन्यात जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीच्या आश्रयाने तज्ज्ञांची परिषद भरली आणि ‘सॉफ्टवेअर-अभियांत्रिकी’ हे नाव तिच्या शीर्षस्थानी घालण्यात आले. पूल बांधणाऱ्यास जी शिस्त लागते, ती येथेही हवी, हा त्या नावाचा आशय होता.

ह्या शिस्तीच्या प्रमुख शाखा पाच. गरजांची निश्चिती, आराखडा, रचना, परीक्षण आणि देखभाल. परभणी जिल्ह्यातील कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा ह्या शाखांशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर राज्यातील दोन कर्जमाफी योजनांत सापडते.

पहिली योजना २०१७ सालची. थकलेले कर्ज दीड लाख रुपयांपर्यंत माफ व्हावयाचे होते; पण ही मर्यादा एकेका माणसास नसून कुटुंबास होती. म्हणून पति-पत्नींची माहिती आणि आधारक्रमांक देऊन संगणकावर अर्ज भरावयाचा, आणि त्याचा मेळ बँकांच्या खात्यांशी घालावयाचा, अशी व्यवस्था होती. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी ऐन दिवाळीत काही शेतकऱ्यांस प्रमाणपत्रे देण्यात आली. त्यानंतर याद्यांतील दोष उघड झाले. अनेक नावांपुढे एकच आधारक्रमांक दिसत असल्याच्या तक्रारी प्रसिद्ध झाल्या, आणि पडताळणीचे काम पुन्हा हाती घ्यावे लागले.

येथे पहिल्या शाखेचे महत्त्व ध्यानात येते. ‘कुटुंब’ हा शब्द शासननिर्णयात एका ओळीत लिहिता येतो. यंत्रास मात्र कुटुंब ठाऊक नसते. कोणाची पत्नी कोण, वेगळ्या बँकांतील दोन खाती एकाच घराची कशी ओळखावयाची, हे सर्व ठरवून द्यावे लागते. आराखड्याचे कामही असेच सूक्ष्म आहे. एकच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर तो दारातच अडवावयाचा की आत घेऊन मागाहून शोधावयाचा, हे आधी ठरले पाहिजे. रचना, म्हणजे प्रत्यक्ष आज्ञा लिहिणे, ही तिसरी पायरी. लोक हिलाच सारे शास्त्र समजतात. परीक्षणाचे काम मात्र रचणाऱ्याच्या वृत्तीहून निराळ्या वृत्तीचे आहे. रचणारा आपले काम चालते काय हे पाहतो. परीक्षक ते कोठे मोडेल हे शोधतो. कोरी जागा, चुकलेला अंक, एकाच नावाची दोन माणसे, हे त्याचे खरे साहित्य.

दुसरी योजना २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झाली. तीत निकष व्यक्तीचा होता आणि मर्यादा दोन लाखांची. शेतकऱ्याने अर्ज भरावयाचा नव्हता. बँकांनी माहिती द्यावयाची, याद्या गावात लावावयाच्या, आणि शेतकऱ्याने आधारची खूण पटवून आपली रक्कम मान्य असल्याचे सांगावयाचे, एवढेच काम उरले. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी निघाली, ती प्रत्येक जिल्ह्यातील केवळ दोन गावांची. त्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी दूरदृश्य यंत्रणेवरून ज्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांशी संभाषण केले, त्यांत परभणी जिल्हाही होता. समारंभाचा भाग सोडला, तरी अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही रीत शहाणपणाची होय. दोन गावांत चूक निघाली तर ती दोन गावांपुरती राहते. साऱ्या राज्यात एकदम निघाली तर तिचा निस्तार करण्यात हंगाम निघून जातो.

आणि हंगाम हीच येथील खरी किंमत आहे. खाते थकलेले दिसते तोवर नव्या पीककर्जाची वाट बंद असते. मृग लागला की बियाणे पाहिजेच. मग सावकाराचे दार उरते. राजधानीतील एका चुकीच्या अंकाचे व्याज काळ्या जमिनीतील माणूस फेडतो.

म्हणूनच पाचवी शाखा, देखभाल, ही कनिष्ठ मानू नये. दुसऱ्या योजनेत रक्कम किंवा आधारक्रमांक मान्य नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तक्रार नेण्याची सोय ठेवलेली होती. यंत्र चुकणार, हे गृहीत धरून माणसाने केलेली ही तरतूद होय. निकष सोपा झाल्याने यंत्राचे काम सोपे झाले, हेही खरे. पण निकष सोपा ठेवावा असे धोरण ठरविणाऱ्यास वेळीच सांगणे, हेही ह्याच शास्त्राचे कर्तव्य आहे.

घरोघरीची मुले आज हे शास्त्र शिकावयास जातात. यंत्राची भाषा त्यांस लवकर येते. यादीत नाव शोधीत उभ्या असलेल्या माणसाची अडचण आधी समजून घ्यावी, ही शिकवण मात्र त्यांस आवर्जून द्यावी लागते. पहिल्या शाखेचा आरंभ तेथूनच होतो.