ध्येयावर सही कोणाची?

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून आठवेल तसे लिहून काढले आहे.)



आधी एक खुलासा करतो. चिटणीसांनी मला ‘दहावीसाठी मोठं ध्येय कसं ठेवावं’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी शिक्षक नाही. अडतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी काउंटरच्या अलीकडे आणि निम्मी केबिनमध्ये. त्यामुळे माझी उदाहरणं बँकेतलीच येतील, ती सांभाळून घ्या. आणि मी स्वतः काही हुशार विद्यार्थी नव्हतो. १९६९ साली जुन्या अकरावीची एस.एस.सी. दिली. ५७ टक्के पडले, म्हणजे सेकंड क्लास. घरात ध्येय एकच होतं, ‘पास हो आणि कुठेतरी चिकट’. त्याच वर्षी १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, गावोगाव शाखा निघाल्या आणि पुढे बी.कॉम. झाल्यावर आमच्यासारख्यांना नोकऱ्या मिळाल्या. ते माझं नशीब. तुमच्या पिढीला नशिबावर एवढं विसंबून चालणार नाही, हे मी जाणतो.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. ध्येय मोठंच ठेवावं. ‘पन्नास-साठ टक्के मिळाले तरी बस’ असं ठरवलं की आपोआप काय होतं? मुलं धडे ‘ऑप्शनला टाकायला’ लागतात. भूमिती अवघड वाटते, मग त्रिकोणमिती ऑप्शनला. इंग्रजी व्याकरण ऑप्शनला. परीक्षेत तेवढ्यापुरतं निभावतं. पण विज्ञान शाखेला गेलात की तीच त्रिकोणमिती अकरावीत दुप्पट होऊन दारात उभी राहते. मोठं ध्येय ठेवण्याचा खरा फायदा टक्क्यांत नाही. त्याचा फायदा हा की कुठलाच धडा सोडता येत नाही.

पण मोठं ध्येय म्हणजे काय? नव्वद? पंच्याण्णव? इथेच आपण मोठी माणसं चुकतो. मीही चुकलो. ती गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

आपण या इमारतीत राहायला आलो त्यानंतर दोन वर्षांनी, २००२ साली, माझा मुलगा दहावीला होता. तेव्हा बोर्डाची गुणवत्ता यादी असे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आई मुलाला पेढा भरवते आहे असे फोटो छापून येत. मी त्या वेळी शाखाधिकारी होतो. वरून दरवर्षी ठेवींचं टार्गेट यायचं आणि ते कसं आलं हे विचारायची पद्धत नव्हती. तीच पद्धत मी घरी आणली. एका कागदावर लाल पेनने ‘९० टक्के’ लिहिलं आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. मुलगा रोज शर्ट काढायला कपाट उघडायचा, तेव्हा ते त्याला दिसायचं. मला वाटायचं, मी त्याला प्रोत्साहन देतोय.

त्याला ७८ टक्के मिळाले.

आज विचार करतो, ७८ टक्के! बापापेक्षा २१ टक्के जास्त. पण त्या दिवशी मी पेढे आणले नाहीत. सौ.ने शिरा केला, तो आम्ही टीव्हीसमोर बसून खाल्ला. जिन्यात कोणी विचारलं की मी ‘अठ्ठ्याहत्तर’ असं हळूच सांगून पुढे जायचो. मुलाला रागावलो नाही, पण आठ दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोललो. रागावण्यापेक्षा ते वाईट होतं, हे मला फार उशिरा कळलं. कपाटावरचा कागद त्याने कधी काढला, ते मला आजही माहीत नाही.

चूक कुठे झाली? ९० हा आकडा मोठा होता म्हणून नव्हे. बँकेत चेक आला की आम्ही आधी काय पाहतो? सही. रक्कम कितीही असो, खातेदाराची सही नसेल तर चेक पास होत नाही. त्या ९० टक्क्यांवर सही माझी होती आणि खातं मुलाचं होतं.

तेव्हा पालकांना माझं पहिलं सांगणं हे की आकडा मुलाला ठरवू द्या. तो तुम्हाला कमी वाटला तर ‘का कमी?’ असं न विचारता ‘एवढाच का वाटला?’ असं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. कदाचित त्याला एखाद्या विषयाची भीती असेल आणि ती आजवर कोणी विचारली नसेल.

आता विद्यार्थ्यांसाठी. आकडा तुम्ही ठरवायचा, पण हवेत ठरवायचा नाही. आधी आज खात्यात किती शिल्लक आहे ते बघा. नववीचे टक्के ही शिल्लक नव्हे. बोर्डाची एखादी जुनी प्रश्नपत्रिका घ्या आणि घड्याळ लावून घरी सोडवा. गणित आणि विज्ञानाच्या भागांना दोन तास, भाषांना तीन तास. मध्ये उठायचं नाही. शिक्षकांकडून किंवा ताईकडून तपासून घ्या. मग गेलेल्या गुणांची तीन भागांत वाटणी करा: आलंच नाही म्हणून गेले ते, येत असून चुकले ते आणि वेळ संपला म्हणून गेले ते. आम्ही महिनाअखेर ताळमेळ घालायचो तसंच हे आहे. फरक किती आहे ते पुरत नाही, कशामुळे आहे ते कळलं पाहिजे. बऱ्याच मुलांना हे करून बघितल्यावर आश्चर्य वाटतं की निम्मे गुण तर येत असलेल्या गोष्टीत गेलेले आहेत. चिन्ह चुकलं, एकक लिहिलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही.

मग आकड्याची फोड करा. समजा आज तुम्ही ७२ टक्क्यांवर आहात आणि ८५ टक्के म्हणताय. ऐकायला डोंगर वाटतो. पण सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरतात, म्हणजे एकूण ५०० गुण. त्यातले तुम्हाला ६५ गुण वाढवायचे आहेत. पाच विषयांत वाटले की प्रत्येकी १३. त्यात प्रत्येक विषयाला २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. वह्या, गृहपाठ, प्रात्यक्षिकं वेळेवर केली तर त्यातले काही तिथेच येतात. गणितापुरतं बघितलं तर भाग १ आणि भाग २ मिळून १३, म्हणजे चाळीस गुणांच्या एका पेपरात सहा-सात गुण. एक चार गुणांचा प्रश्न आणि एक तीन गुणांचा! डोंगर कुठे गेला?

तिसरी गोष्ट. टक्के तुमच्या हातात नाहीत. पेपर कसा निघेल, त्या दिवशी तब्येत कशी असेल, कोण सांगणार? पण या आठवड्यात किती प्रश्नपत्रिका सोडवीन, झालेल्या चुका पुन्हा किती वेळा लिहून काढीन, हे पूर्ण तुमच्या हातात आहे. म्हणून भिंतीवर टक्के लावू नका, आठवड्याचं काम लावा. मी नोकरीत असताना सी.ए.आय.आय.बी.ची परीक्षा दिली, बँकवाल्यांची परीक्षा असते ती. एका पेपरात दोनदा नापास झालो. तिसऱ्या वेळी ठरवलं की डोंबिवलीहून व्ही.टी.ला जाताना रोज दहा पानं वाचायची, बसायला मिळो न मिळो. पास होण्याचा विचारच सोडला. त्या वेळी पास झालो.

चौथी गोष्ट. दर महिन्याला बसून आकडा पुन्हा बघा. वाढवायचा असेल तर वाढवा, कमी करावा लागला तर लाजू नका. बँकेत आम्हाला टार्गेट कमी करता येत नसे, आणि त्याचा परिणाम काय व्हायचा ते सांगतो. मार्चअखेर आली की एखाद्या मोठ्या खातेदाराच्या हातापाया पडून ३१ तारखेपुरती रक्कम ठेवून घ्यायची. ताळेबंद छान दिसायचा, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पैसे परत! अभ्यासातही हेच होतं. न समजलेली प्रमेयं घोकून मार्चपुरती ठेवायची. गुणपत्रिका छान दिसते आणि कॉलेज सुरू होईपर्यंत खातं रिकामं. तसे नव्वद मिळण्यापेक्षा समजून मिळालेले ऐंशी परवडतात. हे मी सांत्वन म्हणून सांगत नाही, हिशेबाने सांगतो.

आणि शेवटी, मोठं कशाला म्हणायचं, ते. ज्याला ९२ मिळतात त्याने ९५ ठरवलं तर चांगलंच आहे. पण त्याहून मोठं ध्येय मी गेल्या वर्षी आपल्याच इमारतीत पाहिलं. नाव सांगत नाही. एक मुलगा दहावीला गणितात राहिला. ३५ पाहिजेत, त्याला २९ होते. जुलैच्या पुरवणी परीक्षेला सहा-सात आठवडे होते. त्याच्या आईने मला विचारलं, काका, तुम्ही आकडेमोडीतले, जरा बघाल का? पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, आपण ४० धरू, म्हणजे ३५ नक्की येतील. तो गप्प बसला. मग म्हणाला, “आजोबा, मला पन्नास पाहिजेत. काठावर पास झालो तर गणित येत नाही हे तसंच राहील.”

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याच्या वहीवर त्यानेच ५० लिहिलं. आम्ही बीजगणितात ‘अर्थनियोजन’ या धड्यापासून सुरुवात केली. जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, म्हणजे माझं अंगण! त्यातली गणितं सुटायला लागली तसा त्याला धीर आला. मग रेषीय समीकरणं, मग श्रेढी. ‘वर्तुळ’ या धड्याला तो घाबरायचा, पण त्याने तो ऑप्शनला टाकला नाही. रोज संध्याकाळी साडेसातला बेल वाजायची. पावसात वीज गेली त्या दिवशीही तो टॉर्च घेऊन आला होता.

निकाल लागला. ४७ गुण.

मला वाटलं, तीन गुणांनी राहिलं म्हणून हिरमुसला असेल. संध्याकाळी साडेसातला बेल वाजली. दारात तो उभा, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाला, “आजोबा, तीन कमी पडले. कुठे गेले ते मला माहितीये, वर्तुळातला एक प्रश्न होता.” मी दोन पेढे खाल्ले, साखर असून.

त्या रात्री मला झोप लागेना. ४७ वाला पेढे घेऊन दारोदार फिरत होता आणि ७८ वाल्याच्या घरी पेढे आले नव्हते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलाला फोन केला. तो आता चाळिशीला टेकलाय, त्याला स्वतःची मुलगी आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, तुझ्या दहावीचे पेढे माझ्याकडे राहिले आहेत. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, “बाबा, अठ्ठ्याहत्तर चांगले होते ना?”

मी म्हटलं, फार चांगले होते.

तेवीस वर्षं तो हा प्रश्न मनात ठेवून होता. पालकहो, म्हणून हात जोडून सांगतो. आज ज्यांना बक्षिसं मिळाली त्यांचं कौतुक आहेच. पण ज्या घरी यंदा निकाल मनासारखा लागला नाही, त्यांनी घरी जाताना कोपऱ्यावरून पावशेर पेढे घेऊन जा. आणि ज्यांची मुलं यंदा दहावीत गेली आहेत, त्यांनी आज रात्री मुलाला एक कोरा कागद आणि पेन द्या. आकडा त्याने लिहायचा, सही त्याने करायची. आपण फक्त साक्षीदार म्हणून खाली सही करायची.

आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. जी मुलं आईचं बोट धरून या जिन्यावरून चढली, ती आज आपापल्या मुलांना घेऊन येतात. आज समोर बसलेली मुलं सुवर्णमहोत्सवाला व्यासपीठावर असतील. त्या वेळी मी नसेन, पण माझं हे बोलणं स्मरणिकेत असेल, तेवढं पुरे.

सर्व यशवंतांचं अभिनंदन, आणि पुरवणी परीक्षेला बसणाऱ्यांना माझ्या विशेष शुभेच्छा. संध्याकाळी साडेसातनंतर मी घरीच असतो. बेल वाजवा.