अमोनिया : नाकाला कळणारा आणि न कळणारा

(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



डिप्लोमा करून आम्ही सरकारी नोकरीत लागलो तेव्हा नकाशांच्या प्रती 'अमोनिया प्रिंट'ने निघत. मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं की डोळ्यांतून पाणी. निळ्या रेघांचा कागद हातात पडेपर्यंत आम्ही दारातच उभे राहायचो. तुमच्यातल्या जुन्या मंडळींनी हा वास आमच्याही आधी घेतलाय. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकायचा, तो अमोनियाचाच क्षार. सर्दी-डोकेदुखीला नवसागर आणि चुना चोळून हुंगायला देत, तेव्हा नाकात जाई तो अमोनियाच.

हा वायू हवेपेक्षा हलका. उणे 33 अंशांना त्याचा द्रव होतो, म्हणून बर्फाच्या कारखान्यांत तो वापरतात. पण त्याची खरी खोड म्हणजे पाण्याची ओढ. एक लिटर पाणी जवळजवळ 700 लिटर अमोनिया पिऊन टाकतं आणि दाहक बनतं. आपले डोळे, नाक, घसा ओलेच. म्हणून तो आधी तिथे भाजतो. कुठे गळती झाली तर ओला रुमाल नाकावर धरावा, वाऱ्याला आडवं चालत लांब जावं, डोळे पंधरा मिनिटं पाण्याने धुवावेत. आणि एक : नाकाला त्याची सवय होते. वास गेला म्हणून मागे फिरू नये.

हे बाहेरच्या अमोनियाचं. आम्ही उभे आहोत ते आतल्याबद्दल बोलायला.

खाल्लेली प्रथिनं पचताना, आतड्यातल्या जंतूंमुळे, अमोनिया आपल्या पोटात रोज तयार होतो. यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे जातो. आपल्या हजिऱ्याला कृभकोचा कारखाना 1986 पासून अमोनियाचा युरिया करतो आहे. तिथे वातावरणाच्या सुमारे 150 पट दाब आणि 180 अंशांवर उष्णता लागते. यकृताचा रस्ता वेगळा, माल तोच, आणि काम 37 अंशांवर! तो रस्ता क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी 1932 साली शोधला.

यकृत सिरोसिसने निकामी होऊ लागलं की हा अमोनिया रक्तातून मेंदूत जातो. त्याला वास नसतो.

आमच्या नात्यातले एक काका उधन्याला राहत. गल्लीच्या गणपतीची वर्गणी तेच घ्यायचे. अक्षर टपोरं. एका वर्षी पावत्यांवरच्या ओळी खाली घसरू लागल्या, 501 चे 510 झाले. दिवसा पेंगायचे, रात्री घरभर फिरायचे. हात पुढे केले की पंजे फडफडत. कोणी म्हणे वय झालं, कोणी म्हणे बाहेरचं काही लागलं. शेजारी कुजबुजले, 'घेत असतील.' काकांनी आयुष्यात दारू शिवली नव्हती. यकृत गेलं होतं जुन्या 'हिपॅटायटिस बी'ने. रात्री झोप लागावी म्हणून झोपेची गोळी आम्हीच आणून दिली. सकाळी काका हाक मारली तरी डोळे उघडेनात.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "पोट कधी साफ झालंय?" चार दिवस झालं नव्हतं. यकृताच्या रोग्याला बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव, झोपेची गोळी, यातलं काहीही या अवस्थेत ढकलू शकतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. गोळीबद्दल डॉक्टर फार बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पोट साफ करणारं गोड सिरप नळीवाटे सुरू झालं. तिसऱ्या दिवशी काकांनी वार बरोबर सांगितला, मग विचारलं, "पावतीपुस्तक कुणाकडे दिलंय?"