कोडे अडते तेव्हा



सुरतेजवळ पलसाणा हे तालुक्याचे गाव आहे. त्या बाजूच्या यंत्रमागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत पोटापाण्यासाठी गेलेली खानदेशी कुटुंबे पुष्कळ आहेत. गेल्या दिवाळीत अशाच एका स्नेह्यांकडे मी उतरलो होतो. त्यांची बारा वर्षांची मुलगी मोबाइल पुढ्यात घेऊन रडकुंडीस आली होती. तीन दिवस ती एकाच कोड्यात अडकून पडली होती. “बाबा, मला डोकंच नाही,” असे ती म्हणाली, तेव्हा ही गोष्ट आता केवळ खेळाची राहिली नाही, हे माझ्या ध्यानी आले.

खेळाचे नाव ‘सोकोबान’. जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांनी रचलेला हा खेळ १९८२ साली प्रसिद्ध झाला. सोकोबान म्हणजे कोठारावरचा राखणदार. त्याने कोठारातील पेट्या ढकलून नेमलेल्या खुणांवर न्यावयाच्या. नियम दोनच: पेटी ढकलता येते, ओढता येत नाही, आणि एका वेळी एकच ढकलता येते. कोपऱ्यात गेलेली पेटी कायमची गेली. नियम इतके थोडे, पण भल्याभल्यांना घाम फुटतो.

मुलीच्या कोड्यात तीन खुणा होत्या. एक आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आणि दोन खोलीच्या आत. तिने पहिली पेटी उंबऱ्यावर नेऊन ठेवली. पेटीचा रंग पालटला; म्हणजे एक काम फत्ते झाले. पण त्यामुळे दारच बंद झाले आणि उरलेल्या दोन पेट्या बाहेर राहिल्या. मग दर वेळी नवा डाव मांडायचा आणि पुन्हा पहिली पेटी उंबऱ्यावरच न्यायची, असा तिचा क्रम चालला होता.

तिचे वडील माग चालविणारे. ते म्हणाले, “अगं, गुंता ओढला की गाठ बसते. आधी टोक शोध.” मला तो उपदेश फार मार्मिक वाटला. मी तिला विचारले, “सर्वांत शेवटी कोणती पेटी बसेल?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “दारातली.” तिला टोक सापडले! दारातली पेटी आधी आत ढकलून बाजूला सारावयाची, बाकीच्या दोन आत नेऊन बसवावयाच्या आणि मग आतल्या बाजूने पहिलीला पुन्हा उंबऱ्यावर आणावयाचे. खुणेवर बसलेली पेटी हलवू नये, असा नियम खेळात कोठेच नव्हता. तो तिने स्वतःच स्वतःवर लादून घेतला होता.

शेवटाकडून आरंभाकडे येण्याची ही रीत आपणांस परकी नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ती व्यस्तविधी म्हणून सांगितली आहे. एका संख्येला तिनाने गुणून चार मिळविले असता पंचवीस येतात. तर ती संख्या कोणती? पंचविसातून चार वजा करा, तिनाने भागा, उत्तर सात. त्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापिला. तसा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. म्हणजे ही विद्या त्या मुलीच्या आजोळच्या मुलखातीलच म्हणावयाची.

अलीकडे तर नियमांनाच कोड्याचा विषय केले गेले आहे. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांच्या ‘बाबा इज यू’ या २०१९ सालच्या खेळात नियम शब्दांच्या ठोकळ्यांनी मांडलेले असतात. भिंत अडविते, हा सुद्धा एक नियमच. त्यातील शब्द बाजूस सारला की भिंतीतून खुशाल चालत जावे. अडलेल्या खेळाडूने दोन याद्या मनाशी कराव्यात: खेळाने काय सांगितले आणि मी काय गृहीत धरले. वाट बहुधा दुसऱ्या यादीत लपलेली असते.

इतके करूनही उलगडा झाला नाही, तर खेळ बाजूस ठेवावा. फ्रेंच गणिती प्वांकारे यांनी १९०८ साली सांगितले आहे की, कूतांस या गावी गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवतानाच एका अवघड प्रश्नाची किल्ली त्यांना सापडली. पण त्यापूर्वी त्यांनी त्या विषयावर कसून परिश्रम केले होते, हे विसरू नये. विसावा श्रमानंतरच फळतो.

राहिला मदतीचा प्रश्न. इंटरनेटवर तयार उत्तरे हवी तितकी मिळतात. उत्तर पाहण्यात पाप नाही. परंतु उत्तराने कोडे संपते, अडचण सोडविण्याची शक्ती वाढत नाही. म्हणून वडील माणसांनी मुलास उत्तर सांगू नये, एखादा प्रश्न विचारावा आणि गप्प बसावे. हे गप्प बसणे कठीण असते खरे.

त्या रात्री तिने कोडे सोडविले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढच्या कोड्यात अडकलेली होती. मात्र या खेपेस तिने डोक्याला दोष दिला नाही. “थांबा, मला सांगू नका,” एवढेच ती म्हणाली.