तांड्यांच्या मुलुखांत



दूरच्या बेटांचीं प्रवासवर्णनें वाचतांना मनांत एक हौस जागी होते. तेथील वनश्री पाहावी, तेथील लोकांची निराळी बोली ऐकावी, निराळे सणवार अनुभवावे! पण चहूंकडे मराठीचा समुद्र आणि मध्यें दुसऱ्या बोलीचीं लहान लहान बेटें, असा प्रदेश आपल्या वऱ्हाडांतच आहे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील पोहरादेवीस जावें आणि भोंवतालचे बंजारा तांडे पाहावे.

‘तांडा’ हें मूळ चालत्या काफिल्याचें नांव. काफिला थांबला, घरें उभीं राहिलीं, तरी नांव तेंच राहिलें. तावेर्निये या फ्रेंच प्रवाशानें सतराव्या शतकांत एकेका काफिल्यांत दहा-बारा हजार बैल असल्याचें लिहून ठेविलें आहे. मोंगलांच्या फौजा याच बैलांच्या पाठीवर पोसल्या गेल्या. १८०३ च्या मोहिमेंत वेलस्लीच्या छावणीसहि दाणागोटा यांनींच पुरविला. पुढें आगगाडी आली. १८६७ मध्यें ती नागपुरास पोंचली आणि लदेणीचा पिढीजाद धंदा बसला. त्यांतच १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. कांहीं प्रांतांत तो यांच्यावरहि लादला गेला. तो रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावें लागलें.

संत सेवालाल महाराजांची समाधि व जगदंबेचें देऊळ येथें आहे, म्हणून पोहरादेवीस बंजाऱ्यांची काशी म्हणतात. रामनवमीस मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत पळसाचा बहर ओसरत आलेला असतो, साग निष्पर्ण उभा असतो आणि पहांटे मोहाचीं फुलें टपटपत असतात. ऊन मात्र वऱ्हाडी आहे. डोईस पागोटें नसलें तरी उपरणें असावें! वाट थोडी वांकडी करण्याची तयारी असेल, तर याच जिल्ह्यांत कारंजा-सोहोळ येथें काळविटांचें अभयारण्य आहे.

शहरांतला पाहुणा येथें येतो तो बहुधा आरसे आणि कवड्या लावलेल्या घागऱ्यांसाठीं. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं येथें नगाऱ्याच्या आकाराचें वस्तुसंग्रहालय उघडलें आहे. तेंहि अवश्य पाहावें. पण मला विचाराल, तर यात्रेंत डोळ्यांपेक्षां कानांना अधिक काम द्यावें. तेलंगणांतून लंबाडी येतात, कर्नाटकांतून लंबाणी येतात, आपल्याकडचे बंजारे असतातच. भेटतांच सर्वांची गोरबोली सुरू होते. राजस्थानी बोलींशीं नातें सांगणाऱ्या या भाषेस स्वतःची लिपि नाहीं. एकजण ती देवनागरींत लिहितो, दुसरा तेलुगूंत, तिसरा कानडींत. यात्रेंत तासन्‌तास गप्पा मारणारे आतेमामेभाऊ एकमेकांचें पत्र वाचूं शकतीलच असें नाहीं! २०११ च्या शिरगणतींत बत्तीस लाखांहून अधिक लोकांनीं लमाणी-लंबाडी ही आपली मातृभाषा सांगितली. तरी सरकारी कोष्टकांत ती हिंदीच्या पोटांतच मांडली गेली.

अशा भाषेचें सारें भांडार मुखांतच असतें. होळीची लेंगी, सासरीं निघालेल्या मुलीचा ढावलो, हीं आजीकडून नातीकडे आलीं तरच टिकावयाचीं. इकडे ऊसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें महिनेन्‌महिने तांड्याबाहेर राहतात. शाळेंत गेलेली नात मराठी शिकते, शहरांत गेलेला नातू हिंदी बोलूं लागतो. त्यांत त्यांचा दोष काय? परंतु वस्तुसंग्रहालयांत घागरा ठेवितां येतो. ढावलो कोणत्या कपाटांत ठेवावा?

म्हणून ज्यांस सवड असेल त्यांनीं श्रावणांतहि एक फेरी करावी. साग तेव्हां रुंद पानांनीं डंवरलेला असतो आणि तांड्यांत तीज असते. कुमारिका टोपल्यांत गहूं पेरतात, रोज गात गात पाणी घालतात आणि अखेरीस ते अंकुर वाहत्या पाण्यांत सोडतात. पाहावयास जाण्यापूर्वीं तांड्याच्या नायकाची परवानगी मागावी. तीज मांडण्यापूर्वीं त्या मुलींनाहि ती मागावीच लागते.