बायोडाटा किती पानांचा?

पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलं मला हमखास विचारतात, नोकरीसाठीचा बायोडाटा किती पानांचा असावा? माझं उत्तर असं : शिक्षण नुकतंच संपलं असेल तर एक पान. दहा-बारा वर्षांचा अनुभव असेल तर दोन. तिसऱ्या पानाला तसंच सबळ कारण हवं.

हे इतक्या ठामपणे सांगतो, त्यामागे एक प्रसंग आहे. मी एका कारखान्यात नोकरभरतीचं काम पाहायचो. हिशेब विभागात सहायकाची एकच जागा होती आणि अर्ज आले दीडशेच्या वर. एका मुलाचा बायोडाटा पाच पानी होता. पहिल्या पानावर फोटो, वडिलांचं नाव, व्यवसाय, जात, उंची. थोडक्यात, लग्नासाठी स्थळ सुचवताना देतात तसा! दुसऱ्या पानावर दहावीपासूनचे विषयवार गुण, तिसऱ्यावर गॅदरिंगमधली बक्षिसं. आम्ही तो बाजूला ठेवला. संध्याकाळी गठ्ठा बांधताना सहकाऱ्याची नजर सहज चौथ्या पानावर गेली. गावातल्या दूध संस्थेत दोन वर्षं हिशेब सांभाळले, सभासदांची दर दहा दिवसांची बिलं टॅलीवर काढली, असं तिथे लिहिलेलं. आम्हाला नेमका असाच माणूस हवा होता. त्याला बोलावलं, नोकरीही मिळाली. पण त्या गठ्ठ्यातली आणखी किती चौथी पानं न वाचता गेली असतील, ही रुखरुख मला अजून आहे.

पहिल्या पानावर काय असावं, याचा एक जुना नमुना आहे. 1482च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी पत्र तयार केलं. त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात क्रमवार मुद्दे आहेत आणि सुरुवात आहे हलक्या, चटकन हलवता येणाऱ्या पुलांपासून. पुढे तोफा, वेढ्याची साधनं. चित्रकला येते अगदी शेवटी! स्फोर्झाला काय हवं असेल, ते ओळखून त्याने क्रम लावला होता.

मग काय गाळायचं? 'आव्हानात्मक पदावर काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे' हा परिच्छेद आधी काढा. तो सगळ्यांचा सारखाच असतो, मी तो कधी वाचला नाही. छंद, धर्म, वडिलांचा व्यवसाय यांची गरज नाही. वाचलेल्या जागेत काम नीट लिहा. 'हिशेबाचा अनुभव' यापेक्षा 'चारशे सभासदांची बिलं' हे शब्द जास्त बोलतात. मात्र एका पानाच्या हट्टापायी मुंगीएवढ्या अक्षरांत मजकूर कोंबू नका. वाचणाऱ्याला चष्मा असतो, शिवाय आता तो पुष्कळदा मोबाइलवरच वाचतो.

प्राध्यापकपदाची गोष्ट वेगळी. तिथे शोधनिबंधांची पूर्ण यादी लागते, दहा पानं झाली तरी चालतील. एमपीएससीसारख्या परीक्षांना ठरलेला ऑनलाइन अर्जच असतो, तिथे पानांचा प्रश्न येत नाही.

आणि हो, ईमेलने पाठवताना फाइलला स्वतःचं नाव द्या. 'बायोडाटा न्यू फायनल' नावाच्या फायली एकेका दिवसात डझनाने येतात, आणि कोणती कुणाची हे शोधत बसावं लागतं.