ही गोष्ट झाली. यात तू कुठे आहेस?

(इंग्रजी विषय घेतलेल्या महाविद्यालयीन मुली आणि केंद्राच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



पुढच्या रांगेत बसलेल्या मुलींना येत्या पंधरवड्यात एका कादंबरीवर समीक्षात्मक निबंध लिहून द्यायचा आहे. मागे आपल्या कार्यकर्त्या बसल्या आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसतंय, ‘या इंग्रजी निबंधाशी आमचा काय संबंध?’ संबंध आहे. माझ्या कामात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मला कळली, ती कॉलेजात लिहिलेल्या एका निबंधामुळे. म्हणून आज दोघींशी एकदमच बोलणार आहे.

मी तालुक्याच्या गावी बी.ए. करत होते, इंग्रजी विषय घेऊन. शेवटच्या वर्षी आमच्या मॅडमनी ‘डिस्टोपियन’ कादंबऱ्या शिकवल्या. आदर्श राज्याच्या नेमकं उलट राज्य कल्पून ते दाखवणारी कादंबरी, असा त्याचा साधा अर्थ. तीन नावं फळ्यावर लिहिली आणि एकीवर निबंध लिहून आणा म्हणाल्या. ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’, हक्सलीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आणि कॅनडाच्या मार्गारेट अॅटवुड यांची १९८५ साली प्रसिद्ध झालेली ‘द हँडमेड्स टेल’. मी तिसरी घेतली, कारण ती बाईने लिहिलेली होती. एवढंच कारण होतं, खोटं कशाला सांगू?

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतलं सरकार उलथवून काही धर्मांध लोक ‘गिलियड’ नावाचं राज्य आणतात. मुलं होणं कमी झालेलं असतं. ज्या बायकांना मूल होऊ शकतं, त्यांना लाल कपडे घालून बड्या अधिकाऱ्यांच्या घरी मूल जन्माला घालण्यासाठी ठेवलं जातं. बायकांना वाचायची बंदी असते. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरंही काढून तिथे चित्रं लावलेली असतात. हे एका झटक्यात येत नाही. आधी एके दिवशी बायकांच्या नोकऱ्या जातात आणि बँकेतली खाती गोठतात. पैसे नवऱ्याच्या किंवा घरातल्या पुरुषाच्या ताब्यात जातात. ही गोष्ट सांगणारी बाई अशाच एका घरात ठेवलेली आहे.

माझा पहिला निबंध अकरा पानांचा होता. नऊ पानं कथानक आणि दोन पानं गाइडमधून उतरवलेली. मॅडमनी तो परत दिला. खाली लाल शाईत मार्क नव्हते. वर्ग सुटल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, ही गोष्ट झाली. यात तू कुठे आहेस?”

मला राग आला. मी कशी असणार त्यात? कादंबरी अमेरिकेतली, आणि मी ज्या घरातून येत होते तिथे इंग्रजी पुस्तक वाचणारी मी पहिलीच. पण मॅडम म्हणाल्या, “पुस्तक पुन्हा वाच. जिथे अडखळशील तिथे थांब. तिथून निबंध सुरू कर.”

पुन्हा वाचताना मी नावापाशी अडखळले. त्या बाईला सगळे ‘ऑफ्रेड’ म्हणतात. म्हणजे ‘ऑफ फ्रेड’, फ्रेडची. ज्याच्या घरी ठेवलं त्याचं नाव. तिचं खरं नाव ती आपल्याला सांगतच नाही. ते वाचताना मला आई आठवली. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं. माहेरचं नाव माहेरीच राहिलं, आणि नव्या नावापुढे वडलांचं नाव लागलं. गावात तर तिला ‘अमक्याची मंडळी’च म्हणत. मी भराभरा लिहून काढलं: ऑफ्रेड आणि माझी आई सारख्याच.

मॅडमनी या वेळी समासात एकच ओळ लिहिली. ‘तुलना चांगली. ती कुठे तुटते?’

मुलींनो, समीक्षा म्हणजे काय ते मला या ओळीने शिकवलं. ‘हे आपल्यासारखंच आहे’ असं म्हणून थांबणं सोपं असतं. टाळ्याही मिळतात. पण तुलना जिथे तुटते तिथे खरा विचार सुरू होतो. मी शोधायला बसले. कादंबरीत ऑफ्रेडबरोबर रोज बाजाराला जाणारी ऑफग्लेन नावाची बाई आहे. एक दिवस तिच्या जागी दुसरीच येते आणि आपलं नाव ऑफग्लेन सांगते. म्हणजे ते नाव बाईचं नव्हतंच, जागेचं होतं. बाई गेली, तरी नाव तिथेच राहून दुसरीला लागलं. माझ्या आईचं नाव बदललं, पण नवं नाव जन्मभर तिचं राहिलं. त्या नावाने तिला कोणी मायेने हाका मारल्या, त्या नावाने तिने भिशी चालवली. दोन्हीकडे नाव पुरुषाच्या हक्काची खूण होतं. पण एकीकडे बाईला त्या नावात थोडी जागा करून घेता आली, दुसरीकडे तेवढीही नव्हती. माझ्या निबंधाचा हा मुद्दा झाला. सहा पानं झाली, सगळी माझी.

तरी एक गोष्ट मी सोडलीच होती. कादंबरी संपल्यावर शेवटी काही पानं आहेत, ‘ऐतिहासिक टिपा’ या नावाची. मला वाटलं, परिशिष्ट असेल. मॅडमनी विचारलं, “ती पानं वाचलीस?” वाचली नव्हती. वाचल्यावर कळलं, की तीही कादंबरीच आहे. साल २१९५. गिलियड कधीच बुडालंय. विद्वानांची परिषद भरली आहे आणि एक प्राध्यापक भाषण करतोय. आपण वाचली ती सगळी गोष्ट म्हणजे सुमारे तीस कॅसेटवर सापडलेला एका बाईचा आवाज, आणि त्या कॅसेट कशा क्रमाने लावायच्या हे या विद्वानांनीच ठरवलं. नावही त्यांनीच दिलं. भाषणात तो विनोद करतो, लोक हसतात. त्याची तक्रार काय, तर बाईने नेमकी माहिती दिली नाही. राज्ययंत्रणेबद्दल काहीतरी कामाचं सांगायला हवं होतं. तिचं पुढे काय झालं, यापेक्षा तिच्या घरचा तो अधिकारी नेमका कोण होता, यात त्याला जास्त रस.

निबंधात मी त्या प्राध्यापकाला चांगलं झोडपलं. ‘ऐकूनही न ऐकणारा’ असं काहीतरी लिहिलं. चांगले मार्क मिळाले. पुढे समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि समुपदेशन केंद्रात कामाला लागले.

आता ती चूक सांगते.

कामाच्या तिसऱ्या वर्षी एक बाई केंद्रात आली. तिची ओळख पटेल असं मी काही सांगणार नाही. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, पायरीवरून पडले. दुसऱ्यांदा म्हणाली, नवऱ्याने एकदा थोबाडीत दिली, एकदाच. तिसऱ्यांदा जे सांगितलं, ते फार वेगळं आणि फार जुनं होतं. तारखा विचारल्या तर म्हणे, ‘गौरी-गणपतीच्या आधी’, ‘धाकटा रांगत होता तेव्हा’. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली जो अहवाल भरायचा असतो, त्यात हिंसेची तारीख, वेळ, ठिकाण यांचे रकाने असतात. मला ते भरता येईनात. संध्याकाळ झाली होती, बाहेर आणखी दोघी बसल्या होत्या. मी केसपेपरवर लिहिलं, ‘माहिती विसंगत देते’, आणि तिला सांगितलं, “ताई, नीट आठवून पुढच्या आठवड्यात या.”

ती पुढच्या आठवड्यात आली नाही. चार महिन्यांनी आली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

त्या रात्री मला झोप लागेना. का कुणास ठाऊक, तो प्राध्यापक आठवला. जुन्या वह्यांतून मी निबंध शोधून काढला. त्यात मीच लिहिलं होतं, की ऑफ्रेड तिच्या नवऱ्याचं काय झालं असेल ते तीन प्रकारे सांगते: मेला, तुरुंगात आहे, निसटला. आणि तिन्हींवर ती एकाच वेळी विश्वास ठेवते. हे खोटं बोलणं नाही. कुठलीच बातमी बाहेर येऊ न देणाऱ्या राज्यात जगायची ती रीत आहे. गोष्ट कशी सांगितली जाते हाच त्या राज्याविरुद्धचा पुरावा आहे, असं वीस वर्षांच्या मी लिहिलं होतं. आणि नोकरी करणाऱ्या मी त्याच गोष्टीला ‘विसंगत’ असा शिक्का मारला होता.

दुसऱ्या दिवशी मी तो केसपेपर कादंबरी वाचावी तसा वाचला. तीन भेटी, तीन हकिगती. प्रत्येक वेळी खोलीत कोण होतं? नोंद माझ्याच अक्षरात होती. पहिल्या वेळी सासू बरोबर होती. दुसऱ्या वेळी भाऊ होता, ज्याला बहीण परत माहेरी नको होती. तिसऱ्या वेळी ती एकटी आली होती. ती विसंगत बोलतच नव्हती. ऐकणारं माणूस बदलेल तसं तिला जेवढं बोलता येत होतं, तेवढं ती बोलत होती. मी तिला तिसऱ्यांदाच खरी ऐकायला हवी होती, आणि तिसऱ्यांदाच मी पेन खाली ठेवलं.

आम्ही अहवाल पुन्हा लिहिला. प्रत्येक हकिगत वेगळी, तिच्याच शब्दांत, बरोबर कोण होतं त्यासह. सण आणि मुलाचं वय यांवरून साल आणि महिना काढला. तो अहवाल पुढे कामाला आला. पण तिचा हात तेवढ्याने पूर्वीसारखा झाला नाही, हेही इथे सांगितलं पाहिजे.

म्हणून मुलींनो, निबंध लिहिताना स्वतःला काही प्रश्न विचारा. गोष्ट कोण सांगतंय? कुणाला सांगतंय? काय सांगत नाही, आणि का? ती आपल्यापर्यंत कुणाच्या हातून आली? आणि प्रत्येक विधानाला पुस्तकातली जागा दाखवा. ‘मला वाटतं’ एवढ्यावर भागत नाही, ‘मला असं वाटतं कारण इथे असं आहे’ असं म्हणता आलं पाहिजे. आमच्या वेळी गाइड होतं. आता मोबाइलला विचारलं, की दोन मिनिटांत आख्खा निबंध तयार मिळतो. तो कदाचित चुकीचाही नसेल. पण त्यात तुम्ही अडखळलेली जागा नसेल. आणि ती जागा तुमच्या बदली दुसरं कोणी शोधू शकत नाही.

पुस्तकालाही प्रश्न विचारा. अॅटवुड यांनी स्वतःला एक नियम घातला होता: माणसाने इतिहासात कुठे ना कुठे केलेलं नाही असं काहीही या कादंबरीत घालायचं नाही. त्या लिहीत होत्या तेव्हा रुमानियात गर्भपातावर बंदी होतीच. १९६६ साली आलेली ती बंदी १९८९च्या डिसेंबरात राजवट कोसळल्यावर उठली. पण मग विचारा, हे आधी कुणावर गुदरलं होतं? मूल हिरावून घेणं, मालकाचं नाव लागणं, वाचायला बंदी, हे सगळं अमेरिकेतल्या गुलाम काळ्या बायकांनी सोसलेलं आहे. आणि कादंबरीत मात्र काळ्या लोकांना दूर नेऊन वसवल्याची बातमी येते नि ते गोष्टीतून जवळजवळ नाहीसे होतात. ही टीका काळ्या स्त्रीवादी वाचकांनी केली आहे. एकीचं भयंकर भविष्य हा दुसरीचा भूतकाळ असू शकतो.

गेल्या वर्षी ऊसतोड कामगाराच्या घरातली एक मुलगी याच कादंबरीवरचा निबंध घेऊन माझ्याकडे आली. तिने लिहिलं होतं, की गिलियडमध्ये बाईची किंमत गर्भाशयावर ठरते. बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढल्याचं २०१९ साली गाजलं, तिथे गर्भाशय म्हणजे कामाचा खाडा, आणि खाड्याचा दंड. एकीकडे ते राखायचं, दुसरीकडे काढून टाकायचं. हिशेब मात्र दोन्हीकडे दुसऱ्याचाच. तुलना कुठे तुटते ते तिने मला न विचारता शोधलं होतं. मी फक्त स्पेलिंगं तपासून दिली.

आणि निबंधाने काय होतं, असं कोणी म्हणालं तर एक आठवण ठेवा. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. ज्यांना ग्रंथ वाचायची बंदी होती, त्यांच्यातली एक मुलगी त्या बंदीचाच जाब विचारत होती. तिला दुःस्वप्नाचं राज्य कल्पावं लागलं नाही. ती त्यातूनच शाळेत येत होती.

तोही शाळकरी निबंधच होता, मुलींनो. तुमचा पंधरवड्याने द्यायचा आहे. लिहून झाला, की देण्याआधी एकदा मोठ्याने वाचा, आणि स्वतःला विचारा: ही गोष्ट झाली, यात मी कुठे आहे?