तळं आम्ही खणलं, पोहायला मात्र पोरं

(महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मी आमच्या गावच्या तळ्याबद्दल बोलणार आहे. सरकारी कागदात त्याला पाझर तलाव म्हणतात, आम्ही नुसतं तळं म्हणतो. बायांच्या हक्कांच्या मेळाव्यात तळ्याची गोष्ट कशाला, असं कुणाला वाटेल. पण ऐका.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांची होते. विहिरींनी तळ गाठला, जनावरं कवडीमोलानं गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं राबत होती. कुठं रस्ता, कुठं खडी. आमच्याकडं तलाव आला. ओढ्याला आडवा मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी अडवायचं आणि जमिनीत मुरू द्यायचं. मग खालच्या विहिरींना पाणी टिकतं.

आई पहाटे भाकरी बांधून निघायची, मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन मागोमाग. लिंबाच्या झाडाला झोळी बांधायची. मुकादम मस्टर घेऊन हजेरी पुकारायचा. पुरुष कुदळीनं खणायचे आणि बाया मातीच्या पाट्या बांधावर चढवायच्या. दुपारी सुकडी वाटायचे, तिच्यासाठी आम्ही पोरं सकाळपासून वाट बघायचो. बायांची रांग लागायची आणि पाटी हातोहात पुढं जायची. एक हात मराठ्याच्या बाईचा, पुढचा बौद्धवाड्यातलीचा, त्यापुढचा भोयाच्या सुनेचा. त्या रांगेत कुणी कुणाची जात विचारली नाही.

पुढं पाऊस झाला, तळं भरलं, आणि रांग मोडली. बांधाजवळचा चांगला काठ आमच्या आळीनं घेतला. बौद्धवाड्यातल्या बायांना धुणं धुवायला पार पलीकडे, चिखलात जावं लागे. हे मी दुसऱ्यांच्या नावानं सांगत नाही, माझ्याच घरच्यांनी ते केलं. आणि दोन्ही काठांवर एक गोष्ट सारखी होती. पाण्यात मुलगे पोहायचे. पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधून शिकायचे, मग बांधावरून सूर मारायचे. मुलींनी काठावर बसून धुणं धुवायचं. माझ्या भावाला वडिलांनी आठव्या वर्षी पाण्यात ढकललं. मी उतरू का म्हटलं, तर आई म्हणाली, "तुला काय करायचंय पोहून?"

त्याचं उत्तर वीसेक वर्षांनी मिळालं. गावातल्या दोन मुली गोधड्या धुवायला गेल्या होत्या. एकीचा पाय गाळावरून घसरला. दुसरी तिला धरायला गेली. काठावर आम्ही सात-आठ बाया होतो. तळं खणलेल्याही त्यात होत्या. एकीलाही पोहता येत नव्हतं. आम्ही ओरडत राहिलो. शेतातून पुरुष धावत आले तोवर उशीर झाला होता. मी त्या सात-आठजणींतली एक. हातात साडी होती, ती पिळून दोरासारखी फेकावी एवढंसुद्धा सुचलं नाही.

तेराव्यानंतर महिला मंडळाची बैठक झाली. मुलींना तळ्यावर पाठवायचंच नाही, असं बऱ्याचजणींचं म्हणणं. पण मग धुणं कोण धुणार? शेवटी ठरलं की पोहायला शिकायचं. शिकवणार कोण? पोहणारी बाई गावात एकच, भोईवाड्यातली मावशी. तळ्यातले मासे धरणाऱ्या घरातली. इतकी वर्षं तिच्या दारात आम्ही बसलो नव्हतो. त्या दिवशी गेलो.

ग्रामसभेत मोठा गदारोळ झाला. बायका पाण्यात उतरल्या तर गावाची अब्रू जाईल म्हणे. तेव्हा एक म्हातारी उठली. म्हणाली, "याच तळ्याची माती वाहताना माझा पदर खोचलेला होता, गुडघे उघडे होते. तेव्हा अब्रू कुठं गेली होती तुमची?" सभा गप्प झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारचे दोन तास बायांचे, असं ठरलं.

नऊवारी भिजली की माणसाला खाली ओढते. म्हणून आम्ही नवऱ्यांच्या जुन्या हाफपँटी आणि सदरे घातले. हसून हसून पुरेवाट झाली. मावशी म्हणायची, "पाण्याशी भांडू नका, आधी नुसतं पडून राहा." पहिल्यांदा पाठीवर तरंगले तेव्हा कान पाण्याखाली होते. ना सासूची हाक, ना पोराचं रडणं. वर नुसतं आभाळ. तिशी उलटल्यावर मला कळलं की माझ्या अंगाला वजन नसतंही.

पहिल्या वर्षी अकराजणी आल्या, सहाजणी शिकल्या. बौद्धवाड्यातून कुणी आलं नाही. आम्ही म्हणायचो, तळं सगळ्यांचं आहे, याव्यात की त्यांनी. तेव्हा तिथल्या एका शिक्षिकेनं महाडची आठवण दिली. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ सालीच चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं होतं. कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं तिथं पाणी प्याली, तर त्यांना मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. ती म्हणाली, "तळं खुलं आहे असं तुम्ही म्हणता. पण काठ कुणाचा आहे?" आम्हाला खाली बघावं लागलं. दुसऱ्या वर्षी आम्ही बोलवायला गेलो, आणि आमच्या काठावरची जागा आधी सोडली.

आज मी साठी ओलांडली आहे. सगळं सुधारलं असं सांगत नाही. लग्न ठरलं की मुलीचं पोहणं बंद, अशी घरं अजून आहेत. पण बांधावरच्या झाडाला एक दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम टांगलेली असते, आणि ती कशी फेकायची हे प्रत्येक मुलीला ठाऊक आहे.

घरी गेल्यावर एवढंच करा. आपल्या गावचं तळं, विहीर, बंधारा कुणी खणला ते म्हाताऱ्या बायांना विचारा. आणि मग बघा, त्या पाण्यात कोण उतरतं आणि काठावर कोण बसतं.